पुढची सीट

मोजणीदारानं दोरीची गाठ तिसऱ्यांदा ओढून बघितली. दोरीचं एक टोक विमानाच्या शेपटीला होतं, दुसरं जमिनीत पुरलेल्या लोखंडी खांबाला. खरं तर आज दोरीची गरज नव्हती. आज विमानात बसायला माणूस येणार होतं आणि पुढचा पंखा फिरवायला मिस्त्री हजर होता. पण दोन वर्षांची सवय. हात आपसूक खांबाकडे गेले.

"सोडा ती, साहेब," मिस्त्री शेडच्या दारातून म्हणाला. "गिऱ्हाईक बघेल तर म्हणेल, जनावर मारकं दिसतंय."

"मारकं आहेच. म्हणून तर बांधतो."

"या बाईंच्या तरी बुटांवर घसरू नका म्हणजे झालं."

विमान विकत घ्यायला याआधी आलेली दोन गिऱ्हाइकं मोजणीदारानं वाटेला लावली होती. एकाचे बूट जाड होते. असल्या बुटांनी कापडी पंखावर पाय ठेवला की संपलंच. दुसऱ्यानं विमान लाल रंगवायची गोष्ट काढली. आज तिसरी येणार होती, आणि तिच्यातही काहीतरी खोट निघेल, याबद्दल मोजणीदार निश्चिंत होता.

*स्विच बंद?*

या वयाच्या विमानाला किल्ली नसते. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं पुढे उभं राहून लाकडी पंखा हातानं फिरवायचा. त्याआधी सवाल-जवाब: स्विच, पेट्रोल, थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर, आणि शेवटी कॉन्टॅक्ट, म्हणजे स्विच चालू. बाहेरचा विचारतो, आतला सांगतो, आणि बाहेरच्याची बोटं शाबूत राहणार की नाही, ते आतल्याच्या उत्तरावर ठरतं. तीस वर्षं बाहेर मोजणीदार उभा राहिला आणि आतून बायकोनं उत्तर दिलं. इंजिन लागलं की तो मागच्या सीटवर चढायचा. चालवणारा मागे, सोबतीचा पुढे. विमानाचा तोलच तसा.

ती गेल्यापासून तो शेपूट खांबाला बांधतो, स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. मोठ्यानं. उत्तर ऐकू आल्याशिवाय हात पंख्याला लागत नाहीत.

सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. तेव्हापासून एकट्यानं उडायची परवानगी नाही. तरी दर रविवारी येतो, इंजिन लावतो, दहा मिनिटं समोर उभा राहतो. विमान दोरीला हिसके देत राहतं. मग बंद करतो, पंख पुसतो, घरी जातो.

*पेट्रोल?*

पेट्रोल हा विमानाच्या खाण्यातला सगळ्यात लहान घास. विमानानं घराचा वरचा मजला खाल्ला. तो अजून गच्चीवर गंजलेल्या सळयांच्या रूपात उभा आहे. मुलीच्या सगळ्या सुट्ट्या खाल्ल्या. एका वर्षी नुसत्या एका चाकानं नवीन गाडी खाल्ली. आणि एक अख्खा हिवाळा बायकोचा. डाव्या पंखाचं कापड बदललं तेव्हा बाराशे गाठी तिनं हातानं घातल्या. चार महिने पंख जेवणाच्या टेबलावर आडवा होता आणि घर ओट्यापाशी उभ्यानं जेवत होतं. कोणाचा फोन आला की ती सांगायची, "सवतीचा परकर शिवतेय. नंतर बोलू."

मिळायचं काय? तर जन्मभर साखळी आणि दुर्बीण घेऊन ज्यानं वीतभर जमिनीवरून भावाभावांत वाजलेली भांडणं ऐकली, त्याला रविवारी तासभर ते सगळे बांध केसाएवढे दिसायचे. आणि कोणाचा आवाज पोचायचा नाही. वर तो गळा सोडून गायचा, कारण त्या घरघरीत त्याचं त्यालाही ऐकू येत नसे. कधी कधी संध्याकाळी भांडी विसळताना बायको नेमकं तेच गाणं गुणगुणायची. योगायोग, असं त्याला वाटे.

मुलगी दूर असते. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "विकून टाका, बाबा. कोणासाठी ठेवलंय आता?"

"तुझ्या आईच्या हातची शिलाई आहे त्यात."

"आई तरी कुठे हौसेनं यायची? तुमचं मन मोडू नये म्हणून यायची."

हे वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात राहिलं. कारण पुरावा त्याच्याकडेच होता. वर बोलता येत नसे, म्हणून तो मागून तिच्या खांद्यावर टिचकी मारायचा: डावीकडे नदी बघ, उजवीकडे आपलं घर. ती मान डोलवायची. पण तीस वर्षांत तिनं एकदाही मागे वळून त्याच्याकडे बघितलं नाही. आपल्या काचेशेजारच्या दांडीवर तिनं एक गोल आरसा बसवून घेतला होता, तळहाताएवढा, त्यातच बघत बसायची.

"हजार फुटांवर तुझे केस कोण बघणार आहे?" तो एकदा म्हणाला होता.

"मी बघते ना," ती म्हणाली होती.

*थ्रॉटल?*

दातांच्या डॉक्टरबाई पातळ तळव्याचे कापडी बूट घालून आल्या. मिस्त्रीनं आधी बुटांकडे बघितलं, मग मोजणीदाराकडे, आणि मग उगाचच आभाळाकडे.

बाई पंखाखाली वाकल्या, बोटाच्या पेरानं एकेक बरगडी वाजवत गेल्या. मग पिशवीतून दात तपासायचा दांडीचा आरसा काढून त्यांनी इंजिनाच्या मागच्या बाजूला सारला.

"थोडं तेल सुटतंय, काका."

"या वयात कोणाचं सुटत नाही?"

"कीड नाही, एवढं बघितलं." त्यांनी आरसा पुसला. "डाव्या पंखाची शिलाई वेगळी आहे. कोणी केली?"

"घरच्या माणसानं."

"सुरेख आहे. मला उसवावी लागली तर जीवावर येईल."

मोजणीदार खोट शोधत होता. या जातीच्या विमानावर बाईंचे तीनशे तास झालेले होते. किमतीचा आकडा फोनवरच ठरला होता, घासाघीसही केली नव्हती. उरलं होतं ते एक उड्डाण. बाई चालवणार म्हणजे मागे बसणार.

"म्हणजे तुम्ही पुढे, साहेब," मिस्त्री म्हणाला.

घरमालक स्वतःच्या घरात पाहुण्यांच्या खोलीत कधी झोपत नाही, तसा तोही पुढच्या सीटवर कधी बसला नव्हता. पट्टा बायकोच्या मापाचा होता. तो सैल करायला वेळ लागला.

*कॉन्टॅक्ट.*

मिस्त्रीनं पंखा मारला. इंजिन लागलं. मिस्त्रीनं शेपटीशी जाऊन दोरी सोडली.



वर कोणी बोलत नाही.

पुढे वारा फार लागतो, हे त्याला माहीत नव्हतं. मागे बसणाऱ्याला तो लागत नाही. पुढचा तो अंगावर घेतो. नाकासमोर इंजिन, त्यामुळे पुढचं काही दिसतही नाही. तीस वर्षं ती हे बघत होती? आरशात नुसतं आभाळ होतं आणि शेपटीचा तुकडा. डोळ्यांना पाणी आलं, तसा तो सीटमध्ये खाली सरकला, आणखी खाली, काचेच्या आडोशाला, डोकं बायकोच्या उंचीला येईपर्यंत.

आणि आरसा एका चेहऱ्यानं भरला.

डॉक्टरबाईंचा चेहरा. खालचा ओठ दातात धरलेला, नजर काट्यांवरून क्षितिजाकडे आणि परत काट्यांवर. आपल्याला कोणी बघतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत बरोबर मध्यावर, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. असा कोन आपोआप लागत नाही, हे मोजणीदाराला कोणी सांगायला नको होतं. कोणीतरी स्क्रू सैल करतं, बघतं, आवळतं. परत सैल करतं.

तो मागे बसून तोंड उघडं टाकून गात असायचा. एवढ्या वाऱ्यातही त्याचे कान तापले.

डाव्या खांद्यावर टिचकी पडली. खाली नदीनं वळण घेतलं होतं आणि त्यावर ऊन होतं. मोजणीदारानं नदी बघितली. मान डोलवली. मागे वळला नाही.

*स्विच बंद?*

चाकं टेकली, पंखा फडफडत थांबला, आणि सवयीनं तोच बोलून गेला. उत्तरासाठी त्याचं तोंड उघडलंही होतं.

"बंद," मागून आवाज आला.

तो बराच वेळ उतरला नाही. मिस्त्री पंखाशी येऊन उभा राहिला, आवाज खाली आणून म्हणाला, "मग? बूट कसे आहेत?"

"ठीक आहेत," मोजणीदार म्हणाला.

मिस्त्रीनं पट्टा सोडवायला हात पुढे केला.

डॉक्टरबाई उतरून पुढच्या सीटपाशी आल्या. "काका, जुन्या फोटोंत हा आरसा कुठे दिसत नाही. नंतरचा ना?" त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "घरच्यांचा असेल. काढून देते, घेऊन जा."

मोजणीदारानं बाहीनं आरशावरची धूळ पुसली. हलक्या हातानं, दांडीला धक्का लागू न देता.

"नको," तो म्हणाला. "कोन हलेल."