फ्रेममागची वाळू

फ्रेमवाल्या मावशींच्या दुकानात आलेलं चित्र आठवड्या-दोन आठवड्यांत आपल्या घरी जायचं. एकच चित्र बारा वर्षं ठाण मांडून बसलं होतं. एक टेकडी, टेकडीवर पाण्याची टाकी, टाकीला टेकवलेली शिडी, आणि बाकी सगळं उजाड. खाली सही नाही. आणून देणारा किडकिडीत माणूस "परवा येतो" म्हणून गेला तो गेलाच. मावशींच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, त्याचं नाव परवावाला ठेवलं होतं.

"आला का गं तुझा परवावाला?" असं विचारतच ताई रोज दुकानात शिरायच्या. आज मात्र त्या स्टुलावर टेकल्या आणि गुडघा चोळत म्हणाल्या, "ठरलं का? पाचला तिकिटं बंद होतात."

जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी ठोकल्या, पण चित्र काढतात ती जागा मावशींनी कधी पाहिली नव्हती. वाळवंटात चित्रकारांची छोटी छोटी गावं आहेत, हे कानावर आल्यापासून त्यांना चैन नव्हतं. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. त्यानंतर कधी उठतील, कशा चालतील, कोणी सांगावं? म्हणजे सहल एक आणि गावं दोन.

एक शेडचं गाव. बंद कारखान्याच्या शेडमध्ये मोठाली शिल्पं, सपाट रस्ते, हॉटेलात लिफ्ट. दुसरं खाणीचं. खाण बंद पडली, माणसं गेली, रिकाम्या घरांत चित्रकार शिरले. चाळीसेक घरं, राहायला एकच जागा.

ताईंनी दोन्ही गावांची पत्रकं कामाच्या टेबलावर पसरली. मावशींनी चष्मा लावला.

"या शेडवाल्यांच्या फ्रेमचे कोपरे बघ. फट दिसतेय चक्क."

"अगं बाई, चित्र बघ की!"

"चित्र तिथे जाऊन बघू." मावशींची नजर भिंतीवरच्या टाकीच्या चित्राकडे गेली. "ताई, परवावाला यातल्याच एखाद्या गावचा असेल का गं?"

"टाकीवरून म्हणतेस? वाळवंटातल्या कुठल्या गावात टाकी नसते?"

मावशींनी एकदम कपाळावर हात मारून घेतला. "वाळू! चित्र आलं तेव्हा जुन्या पुठ्ठ्यातून टेबलावर वाळू सांडली होती. मी फुंकर मारून उडवली. रंगसुद्धा पाहिला नाही!"

"तुझा स्वच्छपणा नडला म्हणायचा."

"पण तो पुठ्ठा मी टाकला नाही. त्यावर नवा लावला."

"मग उघड."

इथे घोडं अडलं. गिऱ्हाइकाची बंद फ्रेम न विचारता उघडायची नाही, हा मावशींचा नेम. बारा वर्षांत कितीदा हात शिवशिवले होते, पण नेम त्यांनी मोडला नव्हता.

"विचारणार कोणाला? तो परवा येतोय ना!" ताई म्हणाल्या.

मावशींना हसू फुटलं. फ्रेम काढून त्यांनी पालथी घातली, मागची कागदी पट्टी सुरीने हलकेच सोडवली आणि जुना पुठ्ठा कागदावर झटकला. दुमडीतून चिमूटभर वाळू पडली. ट्यूबलाइटखाली ती राखाडी दिसत होती.

मावशींनी पत्रकावरून शेडच्या गावच्या हॉटेलला फोन लावला. "तुमच्याकडची वाळू कुठल्या रंगाची आहे हो?"

"वाळू?" पलीकडची बाई चपापली. "खोल्यांत वाळू अजिबात नसते, मॅडम. आम्ही दिवसातून दोनदा झाडतो."

"तसं नाही हो, बाहेरची."

"बाहेर फरशी आहे, मॅडम."

खाणीच्या गावाला लावलेला दुसरा फोन बराच वेळ वाजला. मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला. प्रश्न ऐकून तो म्हणाला, "थांबा हं, बघून येतो." रिसीव्हर ठेवल्याचा आवाज, दाराची करकर, मग काहीच नाही. दोघी बहिणी फोनला कान लावून बसल्या.

"गेला वाटतं हाही," ताई पुटपुटल्या.

एवढ्यात पलीकडे खोकला ऐकू आला. "सकाळी गुलाबी असते. आत्ता पिवळट आहे. तुम्ही किती वाजता बघणार?"

मावशींनी कागद अलगद उचलला आणि खिडकीशी नेला. राखाडीत फिकट गुलाबी झाक होती, की नुसता भास, त्यांना सांगता येईना. ताईंनी फोन ओढून घेतला.

"संडास कसा आहे तुमच्याकडे?"

"खुर्चीसारखा, बसायचा आहे. पण कडी नीट लागत नाही. गाणं म्हणत बसावं लागतं."

ताई पोट धरून हसल्या. फोनवर हात ठेवून बहिणीला म्हणाल्या, "इथेच जाऊ. वाळू विचारली तर उन्हात जाऊन बघून आला बिचारा."

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिकिटं झाली. मावशींनी वाळू पुन्हा दुमडीत सरकवली, कणही राहू दिला नाही. पट्टी नव्याने चिकटवली आणि चित्र बॅगेत घालायला जुन्या चादरीत गुंडाळलं.

"आणि तिथली वाळू जुळली नाही तर?" ताईंनी विचारलं.

"तर पुढच्या वेळी शेडचं गाव."

"आणि गुडघा?"

"तोवर नवा बसलेला असेल की! तिथे फरशीच आहे सगळी."