मध्यस्थाचं पोतं

पट्टी तुटली आणि तुटलेल्या कडेला नख लावताच तिचा पापुद्रा सुटून आला. तपासणीच्या बाईंनी आणखी चार पट्ट्या यंत्राच्या हातोड्याखाली धरल्या. चारही तशाच. वरून गुळगुळीत, आत नुसती फाटाफूट.

हा माल हेल्मेटसाठी जायचा. त्यात दोन प्लास्टिकं, एक कणखर, एक चिवट, आणि दोघांचं जन्मात पटायचं नाही. नुसती एकत्र वितळवली, तर एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात परक्यासारखे राहतात आणि दणका बसला की सुटतात. म्हणून थोडं तिसरं घालायचं, दोघांनाही धरून ठेवणारं. कारखान्यात त्याला सगळे मध्यस्थ म्हणत. आजच्या घाण्यात मध्यस्थ पडलाच नव्हता.

घाणा दादाचा होता. दादा म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ. त्यानेच त्यांना शिकवलं, त्यानेच इथे चिकटवलं. सगळे दाणे पांढरेच, पण मध्यस्थाचा दाणा दाताखाली मऊ लागतो, त्यावरून तो पोतं ओळखायचा. चिठ्ठी वाचून पोतं उचलणं त्याला कमीपणाचं वाटे. तीस वर्षांत कधी चुकला नाही. गेल्या महिन्यात त्याला कवळी बसली आणि लगेच एक घाणा बिघडला. पुन्हा बिघडला तर मिश्रणावरून काढीन, असं साहेबांनी तेव्हाच बजावलं होतं.

बाईंना रडू आलं. कागदावर दणक्याचा आकडा जरा वर सरकवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्या हेल्मेटात कुणाचं तरी डोकं असणार होतं. त्यांनी 'नापास' लिहिलं, मिश्रण करणाऱ्याच्या नावाची जागा मात्र त्यांच्याच्याने भरवेना. त्यांनी दादाला बोलावलं.

त्याने पापुद्रा स्वतः ओढून पाहिला.

"दादा, मला विचारायचंस तरी."

"तुला काय विचारू? तुला मीच शिकवलं," तो म्हणाला. मग खुर्चीत बसला. "कवळीला काही कळत नाही गं. साहेब बोलल्यावर चिठ्ठ्या वाचल्या, पण कालपासून पुन्हा अंदाजानेच चाललंय."

तपासणी दर तिसऱ्या घाण्याची होई, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"कालचे दोन तुझ्याकडे आलेच नाहीत," दादा म्हणाला. "गोदामात आहेत अजून. तेही थांबव. आणखी दोन कागद दे."

बाईंनी दिले. त्याने तिन्ही कागदांवर आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं.