पाणी किती गरम होतं

थोरल्या जावेच्या एका वाक्यामुळे धाकटीच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. तरी ओहोटीला शिंपल्या वेचायला त्या बरोबरच जात. एकटीने पाण्यात उतरायचं नाही, हा सासऱ्यांनी घालून दिलेला नियम कुणी मोडला नव्हता.

त्या सकाळी थोरलीच्या चपलेचा पट्टा तुटला. ती तशीच अनवाणी पुढे गेली आणि गुडघाभर पाण्यात मटकन बसली. तिच्या पायाखालचा शेवाळलेला दगड हलला आणि गाळ उडवत बाजूला सरकला. तो दगडमासा होता. त्याच्या पाठीवरचे विषारी काटे तिच्या तळव्यात घुसले होते.

धाकटीने खांदा देऊन तिला कसंबसं घरी आणलं. थोरली गुरासारखी ओरडत होती. या विषावर आधी गरम पाणी, हे किनाऱ्यावर सगळ्यांनाच ठाऊक. धाकटीने पातेलं तापवलं, बादलीत ओतलं, सुजलेला पाय आत बुडवला आणि गुडघा दाबून धरला.

"सोड गं, सोड," थोरली म्हणत राहिली. धाकटीने सोडलं नाही.

दवाखान्यात इंजेक्शनने विष उतरलं, पण पावलाची कातडी सोलवटून निघाली.

"हे माशाचं नाही, भाजलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाण्यात आधी हात घालून बघितला होता ना?"

थोरलीचा नवरा धाकटीकडे बघायला लागला.

"मीच म्हटलं, आणखी कढत ओत," थोरली पलंगावरून म्हणाली. "तिला कशाला विचारता?"

घरी पट्टी बदलताना धाकटी आपणहून बोलली. "ताई, तुम्ही तसं म्हणाला नव्हतात."

"नव्हते." थोरली भिंतीकडे बघत होती. "तू हात घातला नाहीस, ते मी पाहिलं. घाईत राहिलं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. धाकटीने पट्टीचा एक वेढा दिला, मग आणखी एक.

"माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही."

थोरलीने पाय मागे घेतला नाही.

जखम भरायला फार दिवस लागले. दोघी औषधाचं, जेवणाचं बोलू लागल्या. धाकटी रोज जखम धुवायला कोमट पाणी आणायची. पाय खाली सोडण्याआधी थोरली त्यात स्वतःचं बोट बुडवून बघायची, आणि तेवढा वेळ धाकटी खिडकीबाहेर पाहत राहायची.