खारं पाणी प्यायलेली गाडी

बोलतेय ती मी, या दारासमोर उभी असलेली राखाडी गाडी. डावा गाल चेपलाय ना, तीच. जरा जवळ या, मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. खरं सांगायचं तर मी जन्माचीच भित्री. कारखान्यातून निघताना माझा हॉर्न वाजवून बघितला, तर सगळ्यांत आधी मीच दचकले. हसताय काय? तुम्हाला एकदा कुणीतरी रस्त्यावर सोडून बघावं, चहूबाजूंनी ट्रक अंगावर येत असताना!

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी मला काचेच्या भांड्यासारखं जपलं. सीटवरचं प्लास्टिक शेवटपर्यंत काढलं नाही. गाडीत बिस्किट खायची मुलांना बंदी. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, तेही इतकं सावकाश की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे आणि वर वळून बघायचे. मला काही लाज वाटत नव्हती. उलट बरं वाटायचं. पुढे डॉक्टरांनी मोठी गाडी घेतली आणि मला एका मासेवाल्या मावशीला विकून टाकलं.

मावशी म्हणजे तोफ होती. आवाज असा की तिच्यासोबत मला हॉर्नची गरजच पडायची नाही. "चल गं बाई, बाजार उठायच्या आत पोचव," म्हणायची आणि मी निघायचे. मागची सीट काढून तिथं माशांच्या पेट्या रचायची. पेट्यांत मीठ मारलेला बर्फ. तो बर्फ वाटभर वितळायचा, पाणी फळ्यांतून ठिबकायचं आणि माझ्या पोटात साचायचं. मावशी वरून मला रोज धुवायची, अगदी घासून. पण खाली वाकून कोण बघतो? तिचे गुडघे तर वाकतच नव्हते. वर्षानुवर्षं मी ते खारं पाणी पीत राहिले. मीटर दोन लाखांच्या वर गेलं. पोटाचा पत्रा आतून सुटायला लागला, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ही भीती हॉर्नच्या भीतीसारखी नव्हती.

गुडघ्यांनी अगदीच दगा दिला तेव्हा मावशीनं मला जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठकडे आणलं. "खालून नीट बघा हो, पाणी लागलंय तिला," असं ती स्वतःहून म्हणाली. शेठ नुसता हसला.

त्यानं नीट बघितलंच. म्हणून तर मला वर उचलून पोटावर गंज झाकणारा जाड काळा रंग फासला. मीटर मागे फिरवून साठ हजारांवर आणलं. ब्रेक-क्लचच्या पेडलवरची झिजलेली रबरं बदलली, सीटा नव्या घातल्या आणि माशांचा वास जावा म्हणून आत इतकं अत्तर शिंपडलं की मलाच मळमळलं. कागदांवर नाव डॉक्टरांचंच राहून गेलं होतं, ते त्याच्या पथ्यावर पडलं. एक गोष्ट मात्र त्यालाही दिसली नाही, किंवा दिसून न दिसल्यासारखी केली. ब्रेकचं तेल नेणारी बारीक नळी माझ्या पोटाखालून जाते. तिला गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. ब्रेक एकदा दाबून धरला की तेल झिरपायचं आणि पाय हळूहळू खाली जायचा. पण पटापट दोन-तीनदा दाबला, तर तेवढ्यापुरता तो टणक लागायचा.

माझ्या शेजारी एक निळी गाडी होती, माझ्याहून तरुण. तिला गिऱ्हाईक मिळेना. एका सकाळी ट्रक आला, साखळी लावली आणि ओढत घेऊन गेला. भंगारात नेऊन दाबून सपाट करतात म्हणे. शेठ माझ्या टपावर थाप मारून म्हणाला, "या आठवड्यात गेली नाही तर हीसुद्धा तिकडेच." माझं धाबं दणाणलं. विकली गेले नाही तर मी मरणार होते, आणि विकली गेले तर माझ्यात बसलेलं कुणीतरी.

त्याच आठवड्यात ही माणसं आली. छापखान्यात काम करणारा नवरा. त्याची बायको, आजाऱ्यांच्या घरी जाऊन सेवा करणारी नर्स. नवऱ्याचे वडील आप्पा, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. आणि त्यांची नात. तिला सगळे चिमणी म्हणतात. ती आल्या आल्या मागच्या सीटवर चढली आणि उड्या मारायला लागली.

टेकडीवरच्या वसाहतीतली कामं सूनबाईंना मिळणार होती. तिथं बस जात नाही, म्हणून स्वतःची गाडी हवी. पैसे जेमतेम होते. ते त्यांच्या बोलण्यावरून कळतच होतं, कारण प्रत्येक वाक्याआधी दोघं एकमेकांकडे बघत होते.

"जास्त चाललेली तर नाही ना हो?" सूनबाईंनी विचारलं.

"अहो ताई, डॉक्टरांची गाडी! मीटर बघा ना," शेठ म्हणाला. मधली मावशी त्यानं गिळूनच टाकली.

"आप्पा बघतील," नवरा म्हणाला. "आप्पांनी हो म्हटलं की डोळे झाकून घ्यायची."

आप्पा सावकाश बसले. आरसा नीट केला. "बाकी सगळं नंतर," म्हणाले, "आधी ब्रेक. ब्रेक म्हणजे गाडीचा जीव." माझ्या जिवात जीव आला. वाटलं, आता या म्हाताऱ्याला कळणार.

आणि त्यांनी काय केलं ठाऊक आहे? पटपटपट तीनदा दाबला. जुन्या बसची सवय! ते धूड एका दाबात थांबेल याचा भरवसा नसायचा, म्हणून त्यांचा पाय आधी दोन-तीनदा मारूनच घेतो. चाळीस वर्षं तसाच मारत आलेला पाय. ब्रेक दगडासारखा टणक लागला.

आप्पा, एकदाच दाबा! दाबून धरा! मी आतल्या आत ओरडत होते. पण माझ्याकडे एक हॉर्न सोडला तर तोंड कुठं आहे? आणि तोही दुसऱ्यानं दाबायचा.

"फर्स्ट क्लास," आप्पा म्हणाले. नवऱ्याचा चेहरा उजळला. शेठनं घाईघाईनं किल्ली त्याच्या हातात ठेवली.

घरी आणताना आप्पांनीच चालवली. प्रत्येक वळणावर पट-पट-पट. काही झालं नाही. सूनबाई मात्र नुकत्याच शिकलेल्या. शिकवणाऱ्यानं सांगितलेलं त्या तंतोतंत करणार: पाय अलगद ठेवायचा, एकदाच दाबायचा. दोन-चार दिवस त्या सपाट गल्ल्यांतून सराव करत राहिल्या. रोज पाय थोडा जास्त खाली जायचा. त्यांना वाटायचं, आपल्यालाच अजून जमत नाही. मी रोज जीव मुठीत धरून उभी राहायचे. गाडीला मूठ नसते म्हणता? मग दुसरं काय म्हणू?

मग ती सकाळ आली. चिमणीची शाळा उताराच्या तळाशी आहे. चिमणी मागे, आप्पा शेजारी, सूनबाई चालवायला. उताराला लागलो आणि खाली शाळेचं फाटक दिसलं. फाटकासमोर पोरंच पोरं, दप्तरं, आया. सूनबाईंनी ब्रेक दाबला. पाय खाली गेला. आणखी खाली गेला. तळाला टेकला.

मी थांबले नाही. मला थांबायचं होतं हो, पण माझं माझ्या हातात काही नसतं.

"दाब! दाब!" आप्पा ओरडले. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर दाबलेले.

"दाबलाय हो! खालीच गेलाय!"

पोरं जवळ यायला लागली. एका मुलीची लाल रिबन मला अगदी स्पष्ट दिसली. तेवढ्यात सूनबाईंनी हँडब्रेक ओढला आणि सगळं बळ लावून मला डावीकडे भिंतीवर घातलं. माझा गाल भिंतीला घासत गेला, ठिणग्या उडाल्या, पत्रा किंचाळला. फाटकाच्या अलीकडे मी थांबले.

मागून चिमणीनं विचारलं, "आई, शाळा आली?"

सूनबाईंनी किल्ली फिरवून मला बंद केलं, पण हँडब्रेक हातातून सोडला नाही.

गॅरेजात मला उचललं. मेकॅनिकनं काळ्या रंगावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो भिजक्या पुठ्ठ्यात जावा तसा आत गेला. "नळी नवी टाकीन, पण धरायला पत्राच नाही," तो म्हणाला. "कुठं जोरात आपटली तर घडी होईल हिची. आणि पत्र्याचं काम करायचं तर तेवढ्यात दुसरी गाडी येईल तुम्हाला."

सगळे बाहेर बोलत असताना आप्पा एकटेच आत येऊन बसले. पट-पट-पट. टणक. मग त्यांनी पाय उचलला, थोडा वेळ थांबले, आणि सूनबाई दाबायच्या तसा एकदाच दाबून धरला. पाय बुडत गेला. "अरे देवा," एवढंच म्हणाले. नात मागे बसली होती, हे त्यांना तिथं आठवलं असणार, कारण त्यांनी वळून मागच्या सीटकडे बघितलं.

शेठनं सरळ काखा वर केल्या. "विकलेला माल परत नाही. आणि तुमच्याच आप्पांनी पास केली होती की!"

नवऱ्याची झोप उडाली. साठवलेलं सगळं माझ्यात गेलं होतं. शेवटी तो म्हणाला, "विकून टाकू. नळी तेवढी चिंध्यांनी बांधतो, वरून रंग मारतो. आपल्याला कुणी सांगितलं होतं? आपल्या गळ्यात मारली, आपण दुसऱ्याच्या मारू."

"अहो, असं काय बोलता?" सूनबाई म्हणाल्या.

"मग काय करू? तू सांग!"

त्या उठून चिमणीचं दप्तर भरायला लागल्या. आप्पा तर गॅरेजच्या दिवसापासून माझ्याकडे फिरकलेच नव्हते. आता पुन्हा कुणीतरी अनोळखी माणसं, पुन्हा एखादा उतार. आणि त्या वेळी डावीकडे भिंत असेलच असं कुठं आहे?

जाहिरात बघून एक चष्मेवाला तरुण आला. सोबत बायको, तिच्या कडेवर बाळ. त्यांचीही नजर तशीच, बोलण्याआधी एकमेकांकडे बघणारी. बाळानं माझ्या आरशाला हात लावला आणि खुदकन हसलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

"गालाला काय झालं?" तरुणानं विचारलं.

"मिसेस नवीन शिकतायत ना," नवरा हसून म्हणाला. सूनबाई दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

"आम्हाला गाडीतलं काही कळत नाही हो."

"काळजीच करू नका. आमचे आप्पा जन्मभर बस चालवत होते. त्यांनी पास केलेली गाडी आहे ही."

ओट्यावर बसलेले आप्पा हे ऐकून उठले. चप्पल न घालताच माझ्यापाशी आले. तरुण तोवर आत बसला होता. "काका, ब्रेक कसा बघायचा असतो?" त्यानं अगदी विश्वासानं विचारलं.

आप्पांनी मुलाकडे बघितलं. मुलगा डोळ्यांनी विनवत होता. मी मुलाकडे बघत नव्हते, मी त्या बाळाकडे बघत होते. इतकी तर मी त्या उतारावरही घाबरले नव्हते.

"एकदाच दाब," आप्पा म्हणाले. "आणि पाय उचलू नकोस."

तरुणानं दाबला. त्याचा पाय खाली जाताना त्याच्या चेहऱ्याचा रंगही उतरत गेला.

"खालचा पत्रा पण सडलाय," आप्पा म्हणाले. "मला कळलं नव्हतं. माझी नात होती रे या गाडीत. बाळाला घेऊन बसू नकोस यात."

ती माणसं गेली. जाताना त्या तरुणाच्या बायकोनं वाकून आप्पांना नमस्कार केला. आप्पांच्या मुलानं घराचं दार धाडकन लावून घेतलं. संध्याकाळी तो बाहेर आला, माझ्यात येऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. सूनबाई शेजारी येऊन बसल्या. "जाऊ दे," म्हणाल्या. "मी जवळपासचे पेशंट बघते. पैसे कमी मिळतील. ओढू कसंतरी." मग डोळे पुसून नवरा म्हणाला, "भंगारवाल्याला फोन करतो."

तर तो ट्रक आज येणार आहे. साखळीचा आवाज मला निळ्या गाडीच्या वेळेपासून ठाऊक आहे. तुम्हाला वाटेल, आता तरी ही गाडी धीट झाली असेल. छे हो. पाचावर धारण बसलीय माझी. दुखेल का, किती वेळ लागेल, काही माहीत नाही. पण मला न्यायलाच हवं, याबद्दल माझी तक्रार नाही. मावशी भेटली तर तिला सांगा की तिची बाई शेवटपर्यंत एका किल्लीत चालू व्हायची.

एक काम मात्र तुम्हाला करावंच लागेल. म्हणूनच इतका वेळ थांबवून ठेवलं तुम्हाला. हल्ली चिमणी बाहुली घेऊन माझ्यात खेळायला येते. मागच्या सीटखाली लपते, आणि कधीकधी तिथंच झोपून जाते. ट्रकवाले घाईत असतात, ते कुठं बघणार? तो बघा, गल्लीच्या तोंडाशी वळतोच आहे. माझ्याच्यानं मागे वळून बघवत नाही. तुम्ही बघा. वाका, सीटखाली हात घाला, नीट बघा. कुणी नाही ना?