मेंदीच्या पानांआड

वीज केंद्राच्या टाउनशिपच्या, ऊर्जानगरच्या, फाटकासमोर माझ्या थोरल्या भावाचं, सुरेंद्रचं, नेट कॅफे होतं. दोन हजार सहा सालची गोष्ट. दुपारी तो जेवायला घरी गेला की गल्ल्यावर मी बसायची. त्याचा मला भारी राग यायचा. गिऱ्हाईक उठलं रे उठलं की हा कॉम्प्युटरमधली यादी उघडायचा आणि कोणी काय काय पाहिलं ते वाचत बसायचा. आमच्या गल्लीतली कमळा कोणत्या पोराचं पान रोज उघडते, हे त्यानेच तिच्या बापाच्या कानावर घातलं. कमळाचं कॉलेज सुटलं.

मी नागपूरला नर्सिंगच्या कोर्ससाठी गुपचूप अर्ज केला होता. मुलाखतीचं बोलावणं मेलवर येणार होतं. इकडे घरचे मोहर्लीच्या एका जिप्सीवाल्याला, म्हणजे पर्यटकांना वाघ दाखवत फिरवणाऱ्या मुलाला, मला देऊन मोकळे व्हायला निघाले होते. सुरेंद्रला कळलं असतं तर माझं कॅफेत बसणं बंद, आणि मीही कमळासारखी घरात बंद.

भीती वाटली की मला स्वस्थ बसवत नाही. मेल पाहून झाला की मी उठायची, दारातून रस्ता पाहायची, पुन्हा बसायची. मग एक दिवस मला गावचं तळं आठवलं. आम्ही मासोळी धरणारी माणसं. तळ्यावर दुसऱ्याची पाळी असताना चोरून गळ टाकून आलं, की आम्ही पोरं मागे पळसाची फांदी ओढत घरी यायचो. बांधावरच्या धुळीत पाऊल म्हणून उरायचं नाही. इथेही मी तेच केलं आणि सगळी यादी पुसून टाकली.

सुरेंद्र आला, बसला, यादी उघडली. ती कोरी. सकाळपासूनची सगळी गिऱ्हाईकंही त्यातून गायब झाली होती, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो माझ्याकडे वळला. "फांदी ओढत आली का व तू?"

तोही त्याच बांधावरून घरी आला होता, हे मी कशी विसरले? पंख्याचं बटण दाबताना चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल, असं काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. त्याला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शहाणी झाले. टाउनशिपच्या पोरी जे पाहायच्या तेच मीही धडाधड उघडायला लागले. मेंदीची नक्षी, राशीभविष्य, साड्या, पुन्हा मेंदी. त्यातून फक्त माझ्या मेलची ओळ तेवढी पुसायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. सुरेंद्रने यादी वाचली, हसला, चहा मागवला. मला इतकं हलकं वाटलं की चहात साखर नाही हेसुद्धा कळलं नाही.

बोलावणं आलं. सोमवारी मुलाखत होती.

त्याच संध्याकाळी आईने, इंदिराबाईने, मला जवळ घेतलं. मोहर्लीचे पाहुणे रविवारी येताहेत, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकूनच घेऊ म्हणाली. पोरगी दिवसभर मेंदीच पाहते, मनातून तयार आहे, हे सुरेंद्रने सांगितलं होतं. आई खुश होती. मला तिचाही राग आला आणि रडूही आलं. लपायला म्हणून जी पावलं मी उमटवली होती, ती थेट मांडवाकडे गेली होती.

शनिवारी सुरेंद्र जेवून आला तेव्हा मी खुर्चीवरून उठले. बॅग टेबलाखालून काढली. पडद्यावर बोलावणं उघडं ठेवलं होतं.

तो वाचत राहिला. मग म्हणाला, "हे काऊन नाई पुसलं?"

"तू वाचावं म्हणून."

"अन् उद्याचे पाहुणे? त्यायले मी काय सांगू?"

बाहेर नागपूरची बस हॉर्न मारत होती. तरी मी दारात थांबले.

"मेंदी दाखव त्यायले, भाऊ," मी म्हटलं. "यादीत लय काढून ठेवली आहे."