माझी पाचवी पायरी

मी एक जुनी शिडी आहे, अग्निशमन दलाची. माझे दोन भाग आहेत, प्रत्येकाला पंधरा पायऱ्या. आगीच्या वेळी एक भाग सरकून वर जातो. मित्रांनो, त्या वरच्या भागातल्या एका पायरीची मला फार भीती वाटते. खालून पाचवी.

तीस वर्षांत कितीतरी माणसे माझ्यावरून सुखरूप उतरली. पण माझे कौतुक व्हायचे ते निवडणुकीत. आमच्या शहरात एक रीत आहे. उमेदवाराने चौकात, बंबाला टेकवलेल्या माझ्यावर पाच पायऱ्या चढायच्या आणि हात वर करून सांगायचे, "मी कर वाढवणार नाही!" लोक टाळ्या वाजवतात. बंबाचा ड्रायव्हरही वाजवतो. घरपट्टी त्यालाही चुकलेली नाही.

गेल्या वर्षी पाचव्या पायरीला तडा गेला. नव्या शिडीचा अर्ज दोनदा परत आला. निधी नाही. मग ड्रायव्हरने पायरीला लाल चिंधी बांधली. माझ्यावर चढणारा फायरमन त्याचाच जावई.

"जावईबापू, ही पायरी सोडायची. वजन बघा जरा आपलं!"

"तुमच्याच लेकीनं वाढवलंय, मामा. तक्रार तिच्याकडे करा."

दोघे हसले. मला हसू आले नाही.

यंदा निवडणुकीआधी, चौकातल्या वचनाच्या सकाळी, फोटो चांगला यावा म्हणून आमच्या कार्यालयातल्या कुणीतरी चिंधी सोडली आणि मला रंग फासला. तडा झाकला गेला. पहिला उमेदवार पाचवीवर आला. मी करकरले. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो गुपचूप चौथीवर उतरला आणि हात वर करून वचन देऊन मोकळा झाला. खाली येताना दुसऱ्याच्या कानात पुटपुटला, "चौथीवरच थांबा." दुसरा चौथीवरच थांबला. वचन तेच, टाळ्याही तेवढ्याच. पायरी करकरते, हे दोघांनी आणखी कुणालाही सांगितले नाही.

चौकात माझे दोन्ही भाग मिटलेले, म्हणून ती पायरी छातीएवढ्या उंचीवर असते. आगीत तीच दीड मजला वर जाते.

त्याच दुपारी घंटा वाजली. दुसऱ्या मजल्यावर धूर, खिडकीत एक आजी. मी उघडले तेव्हा कुठे ड्रायव्हरच्या लक्षात आले, चिंधी नाही. जावई चढताना मोजून चढला. पण उतरताना खांद्यावर आजी, डोळ्यांत धूर, आणि वरून मोजायचे तर तीच पायरी अकरावी.

"अरे, अकरावी! अकरावी सोड!" ड्रायव्हर ओरडला. पंपाच्या आवाजात ते विरून गेले.

पाय पडला. पायरी एका बाजूने सुटली. जावई एका हातावर लोंबकळला, आजीने त्याचा गळा आवळला. माझा सांगाडा थरथरत होता. मग त्याच्या पायाला चौथी सापडली.

आजी वाचली. जावयाचा घोटा मुरगळला. ड्रायव्हरने त्याला पट्टी बांधली. "सकाळी मीही टाळ्या वाजवल्या रे," एवढेच तो म्हणाला.

चौथीवर थांबलेल्या त्या दोन उमेदवारांपैकी एक निवडून आला. तिसरा अर्जही परत आला आहे. पाचवी आता तारेने बांधली आहे, आणि जावई उद्या कामावर येतो आहे. घंटा वाजू नये, एवढेच मी मनात म्हणत असते.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही चौकात उभे राहाल. वर कुणी हात उंचावून वचन देत असेल. टाळी वाजवण्याआधी त्याला एक पायरी आणखी चढायला सांगा.