काकूंची पानं

झाडं रिकामी व्हायला लागली की बाइंडरच्या दुकानात बहीण-भावाची दरवर्षी जुंपायची. बाइंडरला टेबल हवं असायचं पुस्तकं शिवायला आणि ताईला तेच टेबल हवं असायचं पानं रंगवायला. रस्त्यावर गळलेली पानं ती पिशवी भरभरून आणायची, पुसायची, रंगवायची आणि दोऱ्यात ओवून दुकानाच्या खिडकीत त्यांच्या माळा सोडायची. "पुस्तकांचं दुकान आहे की नर्सरी?" असं बाइंडर एकदा म्हणून घ्यायचा आणि मग मुकाट्यानं टेबलाचा अर्धा भाग सोडून द्यायचा.

यंदा मात्र ताईची पानं काही ऐकेनात. कुंचला टेकवला की चिरायची, नाहीतर रंग वाळता वाळता पन्हळीसारखी वळायची. ताई वैतागून गेली. अशात एका दुपारी बाइंडर पुठ्ठे आणायला बाहेर गेला असताना खिडकीच्या कट्ट्यावर एका जुन्या कागदावर ठेवलेली पानं तिला दिसली. आणि पानं तरी कशी! इस्त्री केल्यासारखी सपाट, काठसुद्धा शाबूत. तिनं मागचापुढचा विचार केला नाही. बाइंडर परत आला तेव्हा ती सोनेरी, शेंदरी, निळी होऊन खिडकीत डुलत होती.

"वा," बाइंडर म्हणाला. त्याला खरंच आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू पुस्तक न्यायला आल्या. त्यांचे यजमान, म्हणजे घड्याळवाले काका, जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त करून आता घरी बसले होते. त्यांची एक जाडजूड कादंबरी पाठीतून उसवली होती, ती काकूंनी बांधायला टाकली होती. देताना बजावलंही होतं, "पानं तेवढी जपा हं. एकही हरवायला नको." बाइंडरला ते जरा लागलंच होतं. "काकू, पानांचं माझ्यावर सोडा," असं तो म्हणाला होता, आणि शब्दाला जागून त्यानं एक न् एक पान तपासून, क्रमानं लावून शिवलं होतं.

काकूंनी पुस्तक हातात घेतलं, कौतुकानं त्याच्या नव्या पाठीवरून बोट फिरवलं आणि ते उलटं धरून झटकलं. मग परत झटकलं.

"पानं कुठायत?"

"सगळी आहेत की. बघा ना, अगदी शेवटच्या पानापर्यंत."

"ही नव्हेत हो! माझी. झाडाची."

बाइंडरला आठवलं. शिवायला घेताना पुस्तकातून सुकी पानं निघाली होती खरी. ती झटकून त्यानंच कट्ट्यावर ठेवली होती.

"यांना मोठ्यानं वाचून दाखवायची भारी हौस," काकू सांगू लागल्या. "मला म्हणायचं, ऐक. आणि चार ओळी होतायत न होतायत तोच स्वतः घोरायला लागायचं. जिथं डोळा लागला तिथं मी पान घालून ठेवते. उठल्यावर म्हणतात, छे, मी झोपलोच नव्हतो! मग मी पान काढून नाकासमोर धरते. पुरावा आहे हो तो माझा." हे सांगताना त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

खिडकी त्यांच्या पाठीशीच होती.

"उद्या देतो," बाइंडर कसाबसा म्हणाला. "थोडं काम राहिलंय."

त्या गेल्यावर भावाबहिणीत बोलाचाली झाली.

"मला काय स्वप्न पडलं होतं? तूच केरासारखी टाकली होतीस!"

"केर होता तर खिडकीत कशाला लावलास?"

"बरं बाबा, चुकलं. बाहेर ढीग पडलाय, त्यातली चांगली बघून दाबून ठेव आणि दे घालून. त्यांना काय कळतंय!"

बाइंडरला ते पटलं. खरं सांगायचं तर फार पटलं, कारण समोरच्याच्या तोंडावर आपली चूक सांगणं त्याला कधी जमायचं नाही. तो मूठभर पानं घेऊन आला आणि त्यानं पुस्तक उघडलं. तेव्हा त्याला दिसलं, की शिवताना ज्यांना तो ओलीचे डाग समजला होता, त्या खरं तर झाडाच्या पानांच्या सावल्या होत्या. वर्षानुवर्षं दबून कागदावर फिकट तपकिरी उमटलेल्या, देठासकट. त्यानं आणलेलं पान त्यातल्या एका सावलीवर ठेवून पाहिलं. खूप मोठं झालं. दुसरं बोटभर आखूड. शेवटी त्यानं माळेतलं सोनेरी पान सोडवलं आणि एकेका सावलीवर धरत गेला. एका जागी ते असं चपखल बसलं की सावली दिसेनाशी झाली.

"ताई," तो म्हणाला, "सांगावं लागणार गं."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या काकांना घेऊनच. बाइंडरनं मनात जुळवलेली वाक्यं ऐन वेळी पळून गेली. त्यानं नुसतं पुस्तक उघडलं, सोनेरी पान त्याच्या जागेवर ठेवलं आणि खिडकीकडे हात केला. "ती सगळी तुमचीच आहेत," तो खालमानेनं म्हणाला. "मी नीट विचारलं नाही. चूक माझी आहे."

"रंगवली मी," आतून ताई म्हणाली. "म्हणाल तर खरवडून देते."

काका टाळी वाजवून म्हणाले, "संपला पुरावा! ही असली भडक पानं मी ओळखत नाही."

काकू खिडकीपाशी जाऊन एकेक पान हातात घेऊन बघत राहिल्या. बाइंडरला वाटलं, आता बरसणार.

"खरवडाल तर याद राखा," त्या वळून ताईला म्हणाल्या. "काय देखणी झालीत! झाडांना पालवी फुटेपर्यंत राहू द्या इथंच. घरात मी एकटीच बघत होते, आता गल्लीला बघू दे यांची झोप."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, किती सुखाची झोप आहे या माणसाला."

मग काकू रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि सोनेरी पान कुठं लावायचं ते हातवारे करून सांगू लागल्या. आतून बाइंडर ते सरकवत होता, खाली, अजून जरा डावीकडे. काका शेजारी तोंड पाडून उभे होते. तेवढ्यात एक अनोळखी बाई जाता जाता थांबली आणि म्हणाली, "अय्या, काय सुंदर केलंय हो! ते सोनेरी तर किती छान!"

काकांची छाती एकदम फुगली. "ते ना? ते माझं."

"ऐकलंत का बाइंडर?" काकूंनी काचेवर टकटक केलं. "आले कबुलीवर!"